बाबा परत येतो म्हणतात

नाशिकच्या एका ३३ वर्षांच्या वाचक मैत्रिणीचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात देते.

वडील सातपूरच्या एका कारखान्यात होते. कारखाना बंद पडला, पतसंस्थेचं कर्ज आणि भिशीचे पैसे अंगावर आले, आणि २००३च्या सिंहस्थात, सगळं शहर माणसांनी फुललेलं असताना, एका सकाळी ते निघून गेले. पत्र लिहिणारी तेव्हा अकरा वर्षांची, भाऊ सात. आईने आधी लोकांकडे पोळ्या लाटल्या, मग स्वतःचे डबे सुरू केले. सिडकोतला दोन खोल्यांचा फ्लॅट तिने स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या नावावर घेतला. कुणी विचारलं तर 'सुरतला असतात' असं उत्तर घरात ठरलेलं होतं. काही वर्षांनी कळलं, की ते खरोखरच सुरतला आहेत. भाऊ हुशार, पण तीन वर्षांपासून त्याची दारू वाढली आहे, नोकरीही गेली. वडील वर्षभरापूर्वी नाशिकला परत आले आणि नाशिकरोडला एका जुन्या मित्राच्या खोलीवर राहतात. सहा महिन्यांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. त्या वेळी त्यांनी आईला फोन केला, रेशनकार्डाच्या झेरॉक्ससाठी. तेव्हापासून आई त्यांच्याशी बोलते, हे मुलीला ठाऊकच नव्हतं.

कळलं ते एका चित्रपटामुळे. रविवारी तिघं मिळून पाहायला गेले. वर्षानुवर्षं बेपत्ता असलेला बाप घरी परत येतो, मुलगा वाया गेलेला, मुलगी बोलत नाही, आणि शेवटी सगळे एका पंगतीला जेवायला बसतात. आई मध्यंतराच्या आधीपासून रडत होती. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली, "तुझे बाबा परत येतो म्हणतात." भावाला ते हवे आहेत. "बाबा आले तर मी दारू सोडतो," असं त्याने शब्द दिल्यासारखं सांगितलं. काका म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. पत्राचा मुख्य प्रश्न आहे, 'आईला कसं थांबवू?' आणि अगदी शेवटी, सहीच्या वर, एक ओळ आहे: 'थिएटरात सगळे रडत होते, मी पॉपकॉर्न खात होते. माझ्यातच काही कमी आहे का?'

—

त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते. बाकीचं पत्र तुम्ही जपून लिहिलंय, ती ओळ निसटलीय.

नाही, तुमच्यात काही कमी नाही. पडद्यावरच्या त्या बापाने बाकीच्या प्रेक्षकांचं काही बुडवलेलं नव्हतं. त्यांना रडणं परवडतं. तुम्ही लिहिलंय, की सहावीत असताना सहलीच्या यादीत तुमचं नाव नव्हतं आणि बाईंना तुम्ही 'मला गाडी लागते' असं सांगितलं. ज्या मुलीने अकराव्या वर्षी इतकं सफाईदार खोटं बोलायला शिकून घेतलं, तिचे डोळे पार्श्वसंगीत वाढलं म्हणून भरून येणार नाहीत. पॉपकॉर्न खाल्लेत, बरं केलंत.

त्या चित्रपटाचं नाव मी देत नाही, तो अजून चालू आहे. पण अशा गोष्टींचा सांगाडा सगळ्यांना पाठ असतो. पहिल्या अर्ध्या तासात बाप दारात उभा राहिला पाहिजे. मध्यंतराच्या आत मुलीने त्याला हाकललं पाहिजे. मग कुणाचं तरी आजारपण, दवाखान्याच्या बाकावर एक रात्र, आणि मग ती पंगत. पटकथा लिहिणाऱ्याची अडचण समजू शकते, त्याला सव्वादोन तासांत माणसं घरी पाठवायची असतात. मला त्या पंगतीनंतरची सकाळ बघायला आवडली असती. दोन खोल्यांत चौथी गादी कुठे घातली? पाण्याच्या वेळेला कोण उठलं? आईच्या डब्यांची कणीक पहाटे पाचला मळायला घेतात, तेव्हा तो माणूस स्वयंपाकघराच्या दाराशी झोपला होता की बाहेर? असे प्रश्न कुणी पडद्यावर दाखवत नाही, आणि तुमच्या घरी मात्र पहिल्याच दिवशी हेच येणार आहेत.

आपल्याकडे या विषयाला आणखी एक वळण आहे. नाशिककरांना वेगळं सांगायला नको, 'नटसम्राट' तुमच्याच गावच्या कुसुमाग्रजांचं. १९७० साली ते रंगभूमीवर आलं आणि तेव्हापासून आपण सर्वस्व मुलांना देऊन बेघर झालेल्या बापासाठी रडत आलो आहोत. ते रडणं खरं आहे. पण त्याने एक घोटाळाही झालाय. दारात उभा असलेला कुठलाही म्हातारा दिसला, की आपल्याला तो अप्पासाहेब बेलवलकर वाटतो. तुमच्या काकांनाही तसंच वाटत असावं. तुमच्या वडिलांना कुणी घराबाहेर काढलं नव्हतं, ते स्वतः गेले. दोघांचं म्हातारपण सारखं दिसेल, दोघांची गोष्ट एक नाही. हे काकांना ऐकवायची गरज नाही. तुम्हाला मनातल्या मनात अपराधी वाटायला लागेल तेव्हा स्वतःला सांगायला उपयोगी पडेल.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. 'आईला कसं थांबवू?' या प्रश्नात तुम्ही तीन गोष्टी धरून चालला आहात. एक, की आईला त्यांना घरात घ्यायचंच आहे. दुसरी, की घ्यायचं की नाही हा एकच आणि एकदाच करायचा निर्णय आहे. तिसरी, की घर मोडलं ते त्यांच्या जाण्याने, त्यामुळे ते आले तर एक तर जुळेल नाही तर पुरतं मोडेल. तिन्हींबद्दल मला शंका आहे.

पहिली गोष्ट. आई काय म्हणाली? 'तुझे बाबा परत येतो म्हणतात.' तुम्ही ऐकलंत, 'मी त्यांना घरात घेतेय.' मधल्या जागेत तुम्ही तिला काहीच विचारलं नाहीत. तुम्हीच लिहिता, की त्या क्षणी तुम्ही आतल्या खोलीत गेलात आणि तीन दिवस कामापुरतं बोललात. मग ती सहा महिने फोनवर काय बोलते, हे तुम्हाला कुठून कळणार? कदाचित ती विरघळली असेल. कदाचित बावीस वर्षं साठवलेलं एकेक काढून त्यांना ऐकवत असेल, आणि ऐकून घ्यायला समोर माणूस सापडल्याचं तिला बरं वाटत असेल. नवऱ्याशी भांडायचं राहून गेलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. भांडण पुरं व्हावं म्हणूनसुद्धा माणूस हवा असतो.

रेशनकार्डाचा तुम्ही दोनदा उल्लेख केलाय, दोन्ही वेळा रागाने. वडिलांचं नाव त्यावरून इतकी वर्षं कमी का केलं नाही, असं तुम्ही आईला विचारलंत आणि ती म्हणाली, "वेळ कुठे होता?" डब्यांचा व्यवसाय उभा केला, फ्लॅटचे हप्ते फेडले, दोन मुलं शिकवली, गॅसची एजन्सी बदलली, आणि एका नावावर काट मारून आणायला वेळ नव्हता. ठीक आहे. मी त्यातून लगेच प्रेमाचा निष्कर्ष काढणार नाही. नवऱ्याचं नाव कागदावर असलेलं बरं, असं एकट्या बाईला वाटण्याची कारणं आपल्या समाजाने भरपूर पुरवलेली असतात. पण यातलं काय आणि किती, ते तिलाच माहीत. तिला विचारा. 'तू त्यांना का घेतेस?' असं विचारू नका, ते आरोपासारखं लागेल. 'तुला त्यांच्याकडून काय हवंय?' असं विचारा. डबे पोचवून झाल्यावर, दुपारी, भाऊ घरी नसताना. आणि उत्तर आलं की लगेच मत देऊ नका. हे सगळ्यात अवघड आहे, मला कल्पना आहे.

दुसरी गोष्ट जरा तपशिलात सांगते, कारण ती मी घरात पाहिली आहे. माझ्या एका आत्याचे यजमान नऊ वर्षांनी परत आले. मी तेव्हा शाळेत होते. सगळे श्वास रोखून. आत्याने त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि चहा आणला, पाहुण्यांच्या कपबशीतून. निळ्या फुलांच्या, कपाटात वरच्या फळीवर ठेवलेल्या सहा कपबश्या होत्या, त्यातली एक. घरातले आम्ही सगळे स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायचो. ते त्या घरात पुढे अकरा वर्षं राहिले. बाहेरच्या खोलीतच. वेळेवर जेवण, वेळेवर औषध, सणाला नवा सदरा. आणि अकरा वर्षं चहा निळ्या फुलांच्या कपबशीतून. आत्या त्यांच्यासोबत कधी जेवायला बसली नाही. माझ्या आईने एकदा न राहवून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "जेवण देतेय ना? संसार नाही मागायचा." ते बरोबर होतं की क्रूर, हे मला आजही ठरवता येत नाही. आम्हा मुलांना त्या बाहेरच्या खोलीतून जाताना अवघडल्यासारखं व्हायचं, एवढं मात्र आठवतं. पण आत्याने 'घरात घेणं' या एका शब्दाचे तुकडे केले आणि त्यातले कोणते द्यायचे, कोणते नाही, हे स्वतः ठरवलं.

तुम्हालाही तेच करायचं आहे. 'बाबा परत येणं' म्हणजे नेमकं काय? फोनवर बोलणं हे एक. महिन्यातून एकदा भेटणं हे दुसरं. दवाखान्यात सोबत जाणं वेगळं, औषधांचा खर्च उचलणं वेगळं. घरात राहायला येणं हे याहून फार वेगळं. नवरा म्हणून येणं आणि बाप म्हणून येणं यातही फरक आहे. आई यातलं काही देईल, तुम्ही काहीच देणार नाही, भावाला सगळंच द्यायचं असेल. असं असू शकतं. तिघांनी एकच उत्तर द्यावं, असा नियम नाही. फक्त राहायला येण्याचा मुद्दा असा आहे, की त्यात त्या घरात झोपणाऱ्या प्रत्येकाचा शब्द मोजला गेला पाहिजे. फ्लॅट आईचा आहे, शेवटचा शब्द तिचा. पण दोन खोल्यांत तुमच्या नकाराचा अर्थ 'विचार करू' असा काढून चालणार नाही. तिने त्यांना ठेवायचंच ठरवलं, तर तुम्ही वेगळी खोली घेऊन राहू शकता, कमावत्या आहात. आईवर रुसून गेलात असा त्याचा अर्थ होत नाही, रोज संध्याकाळी जेवायला या. हा पर्याय तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि तो नाही याचं मला आश्चर्य वाटलं.

आणि तुम्हाला त्यांना माफ करावंच लागेल, असं मला वाटत नाही. पुष्कळ सल्ले देणारे सांगतील, की माफी दिली की आपणच हलके होतो. कुणी होत असेल. तुमच्यावर तो भार मी टाकणार नाही. 'मला भेटायचं नाही' हे पूर्ण वाक्य आहे. ते वर्षभराने बदललं तरी चालेल, नाही बदललं तरी चालेल.

तुम्ही आणखी एक लिहिलंय: 'निदान ते का गेले आणि एक पत्रसुद्धा का लिहिलं नाही, एवढं तरी त्यांनी सांगावं.' ही अपेक्षा रास्त आहे, पण ती धरून भेटायला जाऊ नका. आंद्रे झ्व्यागिन्त्सेव या रशियन दिग्दर्शकाचा 'द रिटर्न' हा पहिला चित्रपट २००३ साली आला, तुमचे वडील गेले त्याच वर्षी. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. बारा वर्षांनी परत आलेला बाप आपल्या दोन मुलांना गाडीतून प्रवासाला घेऊन जातो. थोरला बापामागे धावतो, धाकटा चिडलेला आणि संशयी. तुमच्या घरी वयं उलटी आहेत, एवढंच. बाप इतकी वर्षं कुठे होता आणि का गेला, हे तो चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं होतं. नंतर पटलं. परत आलेल्या माणसाकडे पुष्कळदा उत्तरच नसतं. कर्ज झालं, लाज वाटली, निघालो, मग एक महिना गेला, मग परत यायची आणखी लाज वाटली, मग वर्षं गेली. तुमच्या वडिलांनी हे एवढंच सांगितलं, तर ते तुम्हाला फार तोकडं वाटेल. बावीस वर्षांच्या मापाचं कारण त्यांच्याजवळ नसेलही.

आता भाऊ. इथे मला काळजी वाटते, वडिलांपेक्षा जास्त.

'बाबा आले तर मी दारू सोडतो.' हे वाक्य ऐकायला गोड आहे, म्हणून घातक आहे. यात त्याने त्याच्या सुटण्याची किल्ली अशा माणसाच्या हातात दिली आहे, जो एकदा सगळं टाकून गेला होता. ते आले आणि महिनाभराने पुन्हा त्याच्या हातात बाटली दिसली, तर दोष कुणाचा? आले नाहीत, तर मग तुमचा, कारण तुम्ही येऊ दिलं नाही. तुम्ही हा सौदा मान्य करू नका आणि त्यावर वादही घालू नका. एवढंच म्हणा, की दारू सोडायची असेल तर मी उद्या तुझ्यासोबत येते, बाबांचं काय ते नंतर बघू.

आणि तुमची ती तिसरी गृहीत गोष्ट इथेच तपासून पाहायला हवी. भाऊ पितो ते बाप गेला म्हणून, असं घरात तिघंही धरून चालला आहात. मग तुम्ही का पीत नाही? तुम्हीही त्याच घरात वाढलात, आणि तेव्हा तुम्हाला जास्त कळत होतं. बाप नसण्याने त्याच्या मनावर ओरखडा उठला असेलच. पण दारूचं व्यसन हा स्वतःचा वेगळा आजार आहे आणि त्याला स्वतःचे उपचार लागतात. तो बापाच्या हजेरीने बरा होत नाही. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, सुरुवात तिथून करा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा पिणाऱ्यांसाठी असतात, आणि घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाचे वेगळे गट असतात. तिथे तुम्ही आणि आई जाऊ शकता, भाऊ यायला तयार नसला तरी. दाखल व्हायची वेळ आली, तर पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६पासून चालू असलेलं. एक सावधगिरी: रोज भरपूर पिणाऱ्याने शपथ घेऊन एका दिवसात बंद केली, तर हात थरथरणं, भ्रम, आकडी असं होऊ शकतं, जिवावरही बेतू शकतं. त्यामुळे 'बाबा आले, आजपासून बंद' हा देखावा डॉक्टरांना विचारल्याशिवाय होऊ देऊ नका.

कागदपत्रांचं रुक्ष बोलणं आता उरकून घेते. अशी पत्रं मला इतर गावांहूनही येतात, त्यांनाही ते लागू पडेल.

बावीस वर्षं वेगळे राहिल्याने लग्न आपोआप संपत नाही. 'सात वर्षांनी सुटतं' हे कट्ट्यावरचं ज्ञान आहे. हिंदू विवाह कायद्यात दोन वर्षं सोडून जाणं हे घटस्फोटाचं कारण होऊ शकतं, सात वर्षं माणूस जिवंत असल्याचं कुणाच्या कानावर नसणं हेही, पण दोन्हीसाठी न्यायालयात जावं लागतं आणि हुकूमनामा घ्यावा लागतो. तुमची आई त्यात पडली नाही, म्हणजे कायद्याने ते आजही नवरा-बायको आहेत.

याचा परिणाम फ्लॅटवर होतो. हिंदू वारसा कायद्यानुसार, बाईने स्वतः कमावलेली मालमत्ता असेल आणि तिने मृत्युपत्र केलं नसेल, तर मुलगे, मुली आणि नवरा यांना ती सारखी मिळते. नवरा घरात राहत होता की बावीस वर्षं सुरतेत, हे कायदा विचारत नाही. तुमच्या घराच्या बाबतीत याचा अर्थ तिसरा हिस्सा. नॉमिनी म्हणून तुमचं नाव लावलंय, यावर विसंबू नका. नॉमिनी हा सांभाळणारा, तो वारस ठरत नाही. आईने मृत्युपत्र करावं, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून ठेवलेली बरी. मात्र त्यात कुणाला किती लिहायचं, ते तिचं. नवऱ्यालाही काही द्यायचं तिच्या मनात असेल तर तो तिचा अधिकार आहे. तुम्ही तिला फक्त एवढं सांगा, की न लिहिणं म्हणजेसुद्धा एक वाटणीच आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी, तुम्हाला आवडणार नाही. २००७च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने पालक मुलांकडून निर्वाहखर्च मागू शकतात. अर्ज प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे होतो, आणि या कायद्यात रक्कम महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत आहे. पूर्वी ज्याला १२५ कलम म्हणायचे, ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालंय. त्यातही स्वतःचं भागवू न शकणाऱ्या पालकांना मुलांकडे मागता येतं, आणि कमावत्या मुलीवरही ती जबाबदारी येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच सांगितलं आहे. ते मागतीलच असं नाही. मागितलं तर त्यांचं वागणं, तुमची कमाई, भावाची स्थिती, हे सगळं मांडता येतं. पण यातून एक वाटही दिसते. नाशिकरोडच्या खोलीचं भाडं आणि औषधं यासाठी दरमहा ठरलेली रक्कम, थेट घरमालकाला आणि औषधाच्या दुकानात. हातात रोख नाही. ते रस्त्यावर येणार नाहीत आणि तुमच्या स्वयंपाकघराच्या दाराशीही नाहीत. आईला ही सोय सुचवून बघा, तिला कदाचित हायसं वाटेल. वकिलाची भीती वाटत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना मोफत सल्ला मिळतो, उत्पन्नाची अट न ठेवता. त्यांचा क्रमांक १५१००.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण इतर वाचकांसाठी लिहिते. सोडून गेलेला माणूस मारहाण करणारा असेल, तर वरचं अर्धं उत्तर बाजूला ठेवा. तिथे तुकडे करून देणं वगैरे काही नाही. दार बंद, आणि गरज पडली तर महिलांसाठीचा १८१ क्रमांक.

काकांचं काय करायचं? काही नाही. भिशीवाले दारात बसायचे तेव्हा काका कुठे होते, हे आईला पक्कं आठवत असणार. त्यांना म्हणावं, तुमच्याकडे एक खोली रिकामी आहे ना? पुढचा सिंहस्थ तोंडावर आलाय, शहरात रस्ते खणून ठेवलेत, घरोघर पाहुण्यांची सोय चाललीय, एक पाहुणा तुमच्याकडे. हे मी थोडं चिडून लिहितेय, तुम्ही जरा सौम्य करून सांगा.

लग्नाच्या बोलण्यांत 'वडील बाहेरगावी असतात' असं सांगायचा आता तुम्हाला कंटाळा आलाय, असं तुम्ही लिहिलंय. ते आले तर निदान एवढा प्रश्न तरी सुटेल, असं आईचं म्हणणं. तो त्यांच्या येण्याने सुटत नाही. 'ते घर सोडून गेले, आईने आम्हाला वाढवलं' हे तुम्ही आजही सांगू शकता. ते ऐकून जे स्थळ उठून जाईल, त्याला पोहे वाया गेले इतकंच.

तुम्ही भेटायचं ठरवलंत तर काय, तेवढं सांगून थांबते. पहिली भेट घरी नको. घरी एकदा माणूस बसला, की 'आता उठा' कोण म्हणणार? मिसळीच्या ठिकाणी तर अजिबात नको. रविवारी बाहेर नंबर लावून लोक उभे असतात, त्यात बावीस वर्षांचं काय बोलणार. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी बसा, वर चढू नका, त्यांच्या हृदयाला झेपणार नाही. आईला एकटीला पाठवू नका, पण तिच्या वतीने तुम्ही बोलूही नका. तासाभराची भेट आहे हे आधी सांगा आणि तासाने उठा, बोलणं चांगलं चाललं असलं तरी. भावनेचे प्रश्न पहिल्या भेटीत नकोत. साधे विचारा: डोक्यावर अजून कर्ज आहे का, किती, कुणाचं. सुरतेत दुसरं कुणी आहे का, बाई, मुलं. दवाखान्यातून सुटताना मिळालेला कागद पाहायला मागा आणि औषधं कोणती चालू आहेत ते त्यावरून वाचा, त्यांच्या तोंडून नको. या तीन प्रश्नांची सरळ उत्तरं देताना ते कसे वागतात, त्यावरून पुढच्या भेटीचं ठरवा. रेशनकार्डाची झेरॉक्स अजून दिली नसेल तर ती देऊन टाका. महात्मा जोतिराव फुले योजनेत दवाखान्याला ती लागते, त्यांच्या उपचारांचा भार त्याने तुमच्यावर कमीच येईल.

आणि वेळ सकाळची ठेवा, नऊच्या आत. भाऊही येणार म्हणतोय, आणि दुपारनंतर त्याचा भरवसा नसतो, हे तुम्हीच लिहिलंय.